मिटवलेलं भांडण आणि सांधलेलं भांडण: शाळेत बैठक कशी घ्यावी

आमच्या शाळेचं सायकल स्टँड म्हणजे पत्र्याची एक शेड आणि तिच्याखाली दाटीवाटीने लावलेल्या ऐंशी-नव्वद सायकली. दोन वर्षांपूर्वी त्या शेडमध्ये आठवीतल्या एका मुलाने वर्गातल्याच दुसऱ्या मुलाच्या डोक्यात दगड घातला. २ टाके पडले. वर्गशिक्षक मी. दोघांना मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये उभं केलं, दगड मारणाऱ्याला झापलं, "माफी माग" म्हटलं, त्याने मागितली. "मिळवा हात" म्हटलं, त्यांनी मिळवले. पुढच्या तासाची घंटा व्हायच्या आत प्रकरण मिटलं. संध्याकाळी तो दगड मारणारा पोरगा एसटी स्टँडच्या मागे तिघांच्या हातचा मार खाऊन घरी गेला आणि पुढचे ९ दिवस शाळेत आला नाही.

दहाव्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. तेव्हा कळलं की दगडाच्या आधी सलग ४ दिवस कुणीतरी त्याच्या सायकलची हवा सोडत होतं आणि व्हॉल्व्ह काढून कालव्यात टाकत होतं. घर ५ किलोमीटरवर. सायकल ढकलत घरी पोचेपर्यंत अंधार व्हायचा, म्हशीच्या धारेची वेळ टळायची, त्यावरून घरात बोलणी बसायची. मला यातलं काही माहीत नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं. मी फक्त "का मारलंस?" एवढंच विचारलं होतं. त्यावर तो म्हणाला होता, "काय न्हाई सर."

कराड तालुक्यातल्या आमच्या शाळेत त्यानंतर आम्ही अशी प्रकरणं वेगळ्या पद्धतीने हाताळायला लागलो. ती पद्धत इथे पायरी-पायरीने मांडतो, आम्ही जिथे आपटलो त्या जागांसकट.

पद्धत कुठली, कुठून आली

पुस्तकी नाव 'पुनर्स्थापनात्मक न्याय'. हा शब्द शिक्षकखोलीत काढला की निम्मे जण चहाला उठतात, म्हणून आम्ही 'सांधणारी बैठक' म्हणतो. नेहमी आपण तीन गोष्टी शोधतो: कुणी केलं, कुठला नियम मोडला, शिक्षा काय. इथे वेगळ्या तीन शोधायच्या. कुणाला काय लागलं? ते भरून यायला काय हवं? आणि ते कुणी करायचं?

न्यूझीलंडने १९८९ साली मुलांसंबंधीचा कायदा केला, त्यात तिथल्या मूळ रहिवासी माओरी समाजाच्या रीतीवरून 'कुटुंब बैठक' आणली. चूक करणारं मूल, त्याचं घर आणि ज्याचं नुकसान झालं ती व्यक्ती एकत्र बसून पुढचं ठरवतात. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये १९९४ साली ही रीत शाळेत आली आणि तिथून पसरली.

आपल्या भागाला बैठक काही नवी नाही. इंग्रज राजवटीला समांतर चाललेल्या प्रतिसरकारच्या काळात, १९४३ नंतर, याच जुन्या सातारा जिल्ह्यात न्यायदान मंडळं बसत आणि गावचे तंटे गावात सोडवत. त्याच चळवळीला लोकांनी 'पत्री सरकार' म्हटलं ते तळपायावर दिल्या जाणाऱ्या मारामुळे, असं म्हातारी माणसं सांगतात. बसून बोलणं आणि तळपाय सोलणं, दोन्ही आपल्याच आठवणी. पुढे १५ ऑगस्ट २००७ ला तंटामुक्त गाव मोहीम आली आणि 'मिटवून टाका' हा शब्द प्रत्येकाच्या तोंडी बसला. शाळेत नेमका तोच शब्द घात करतो. मिटवताना वडीलधारे दमतात म्हणून भांडण थांबतं, आणि ज्याला लागलं त्याला कुणी विचारतच नाही.

बैठक कधी घ्यायची नाही

हे आधी, कारण इथली चूक महागात पडते.

लैंगिक छळाचा संशय जरी आला तरी बैठक नाही, समजावणी नाही, समोरासमोर आणणं तर मुळीच नाही. पॉक्सो कायद्याच्या (२०१२) कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि न कळवणं हा कलम २१ प्रमाणे गुन्हा. 'शाळेचं नाव जाईल' म्हणून आतल्या आत मिटवणारा माणूस स्वतः आरोपी होऊ शकतो. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन वर्गाच्या फळ्याशेजारी लिहिलेली असावी, ऑफिसातल्या कपाटाच्या दारावर नव्हे.

शिक्षकाने मुलाला मारलं असेल तर तेही या बैठकीचं काम नाही. शिक्षण हक्क कायद्याचं (२००९) कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई करतं. आपल्याच सहकाऱ्यासाठी आपणच बैठक लावायची आणि पोराकडून "सर, चुकलं माझं" वदवून घ्यायचं, हा प्रकार मी पाहिलेला आहे.

जातीवरून शिवीगाळ झाली असेल आणि घरच्यांना तक्रार करायची असेल, तर बैठकीने त्यांची वाट अडवू नये. मुलांनी बोलणं गरजेचं वाटलं तर ते तक्रारीच्या बरोबर होऊ दे, तक्रारीऐवजी नको.

आणि ज्याला लागलंय तो "मला नाही बसायचं" म्हणाला तर विषय संपला. त्याच्या आईकडून मन वळवून घेऊ नका.

पहिली १० मिनिटं

जखम असेल तर आधी जखम. दोघांना वेगवेगळ्या जागी बसवा, पाणी द्या, गर्दी पांगवा. सगळ्या वर्गादेखत एक शब्द विचारू नका. वर्गासमोर मूल वर्गासाठी उत्तर देतं. आणि 'का' विचारू नका. 'का' ऐकलं की पोरगं एकतर गप्प बसतं नाहीतर कारण रचतं. एवढंच सांगा: "आज घाई नाही. उद्या तुझ्याशी निवांत बोलतो, तुझ्याकडचं सगळं ऐकायचंय मला." रागातलं मूल त्याच दिवशी शहाणं बोलेल ही अपेक्षा आपण मोठ्यांकडून तरी करतो का?

स्वतंत्र भेटी

खरं काम इथे होतं. बैठक ही या भेटींची फक्त साय. भेट एकेकट्याची, साधारण २० मिनिटांची, आणि टेबलाच्या पलीकडे बसून नको. मी त्या मुलाशी त्याच्या गोठ्यात बोललो, वैरण टाकता टाकता. तो माझ्याकडे बघत नव्हता म्हणूनच बोलला.

ज्याच्या हातून घडलं त्याला विचारायचे प्रश्न असे:

काय झालं ते तुझ्या तोंडून सांग, पार सुरुवातीपासून.
तेव्हा तुझ्या डोक्यात काय चाललं होतं?
आता मागे वळून बघताना काय वाटतं?
यात कुणाकुणाला त्रास झाला असेल?
ते भरून काढायला तुला काय करता येईल?

ज्याला लागलं त्याला:

त्या वेळी तुला काय वाटलं?
तेव्हापासून काय काय बदललं? झोप, जेवण, शाळेत यायची वाट, कुणाजवळ बसणं?
सगळ्यात जास्त काय टोचलं?
काय झालं म्हणजे तुला बरं वाटेल?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर मोठी माणसं हमखास चुकीचं ओळखतात. टाके पडलेल्या मुलाला दवाखान्याचा खर्च हवा असेल, असं मला वाटलं होतं. तो म्हणाला, "सर, वर्गात मला 'टाक्या' म्हणतात. ते बंद करा." माफी त्याच्या यादीतच नव्हती.

'सुरुवातीपासून' हा शब्दही जपून ठेवा. दगडापासून सुरू केलं तर एक मारणारा आणि एक मार खाणारा दिसतो. आम्ही चार दिवस मागे गेलो तेव्हा टाके पडलेला मुलगा व्हॉल्व्ह काढणाऱ्या तिघांतला एक निघाला, आणि एसटी स्टँडमागे मारणारेही तेच तिघं. बहुतेक प्रकरणांत दोन्ही बाजूंना काही लागलेलं असतं आणि दोन्ही बाजूंनी काही केलेलं असतं. ("स्टँडवरचं आपल्याकडे कशाला? ते शाळेबाहेरचं," असं एक सहकारी म्हणाले. भांडण शाळेची वेळ बघून होत नाही, एवढंच मी त्यांना म्हणालो.)

भेटीनंतर स्वतःला एकच विचारा: ज्याच्या हातून घडलं तो निदान "हो, मी केलं" एवढं तरी म्हणतोय का? म्हणत नसेल तर बैठक लावू नका. ती पंचायत होईल, साक्षीपुरावे निघतील आणि दुखावलेलं मूल पुन्हा खोटं पडेल.

पालकांशी आधी बोलणं

तीन प्रकारचे पालक येतात. पहिले म्हणतात, "सर, हाणा की दोन, आमचं काय म्हणणं न्हाई." त्यांना कायद्याचं कलम ऐकवून उपयोग होत नाही. मी म्हणतो, "दादा, मी हाणलं तर तो मला घाबरेल. मी नसताना सायकलची हवा सोडायचा थांबेल का?" हे त्यांना पटतं, कारण घरातला अनुभव तोच असतो.

दुसरे म्हणतात, "त्या पोराचा दाखला द्या हातात." आठवीपर्यंतच्या मुलाला शाळेतून काढता येत नाही, हे शिक्षण हक्क कायद्याचं कलम १६ त्यांना शांतपणे सांगा. आणि लगेच विचारा की तुमच्या मुलाला शाळेत बिनधास्त येता यावं म्हणून काय झालं पाहिजे. दाखल्याच्या मागणीखाली हीच भीती असते.

तिसऱ्यांबरोबर चुलते येतात, गावातलं एखादं वजनदार माणूस येतं. "मी हाय न्हवं, टाका मिटवून." यांना चहा द्या, मान द्या आणि बैठकीबाहेर ठेवा. बैठकीत प्रत्येक मुलाबरोबर त्याच्या घरचं एकच माणूस, आणि ते मुलासाठी आलेलं असावं, पदासाठी नव्हे. शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यालाही हाच नियम. समितीला पद्धत काय आहे ते आधीच्या सभेत समजावून ठेवलं की ऐन वेळी हट्ट होत नाही.

प्रत्येक पालकाला आधी कल्पना द्या: समोरचे काय बोलण्याची शक्यता आहे, तुमची पाळी कधी येईल, आणि मध्ये बोलायचं नाही म्हणजे नाही.

बैठक

वेळ ४०-५० मिनिटं, शाळा सुटल्यावर नको. वाटेतला काळोख आणि एसटी दोन्ही डोक्यात राहतात. आम्ही दुपारी खिचडी झाल्यावरची वेळ घेतो. खोलीत बाकं बाजूला सारून सतरंजी. सगळे मांडी घालून, गुडघे दुखणाऱ्या पालकाला खुर्ची, आणि मग दुसऱ्या बाजूच्या पालकालाही खुर्ची. शिक्षकही खालीच. दोन्ही मुलं अगदी समोरासमोर नकोत, थोडी तिरकी बसवा.

बोलणाऱ्याच्या हातात एक वस्तू असते; ती ज्याच्या हातात, तोच बोलणार. आधी आम्ही डस्टर ठेवलं होतं. मुलांनी ते असं धरलं की माझ्या लक्षात आलं, यांना डस्टर फक्त फेकून मारायची वस्तू म्हणून माहीत आहे. मग शिपाईमामांकडून घंटा वाजवायचा लाकडी हातोडा मागून घेतला. त्याला हात लावायची परवानगी कुणालाच नसते, त्यामुळे तो हातात आला की पोरं आपोआप सरळ बसतात.

क्रम असा. मी सुरुवातीला दोन वाक्यांत सांगतो की इथे कुणाला शिक्षा ठरवायची नाही, काय झालं आणि आता काय करायचं एवढंच. मग ज्याच्या हातून घडलं तो, मग ज्याला लागलं तो, मग दोन्हींचे घरचे, शेवटी पुन्हा पहिला. प्रश्न भेटीतलेच, त्याच शब्दांत. नवीन प्रश्न विचारून मुलाला कोंडीत पकडू नका. शांतता पडली तर पडू द्या. मला ती भरून काढायची सवय आहे, म्हणून मी जीभ दाताखाली धरून बसतो.

त्या दिवशी बैठक फिरली ती दगड मारणाऱ्याच्या आईच्या बोलण्याने. हातोडा मांडीवर ठेवून ती म्हणाली, "पोरगं अंधारात सायकल ढकलत यायचं. मला वाटलं टवाळक्या करत येतंय. चार दिवस मीच त्याला नको नको ते बोलले." आणि ती थांबली. व्हॉल्व्ह काढणाऱ्यांतला एक मान खाली घालून नखाने सतरंजीचा धागा उसवत होता. त्याच्या हिशेबात सायकल होती, पोरगा होता. पोराची आई नव्हती. त्याची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, "सर, त्यापेक्षा छडी द्या." हे लाड आहेत म्हणणाऱ्या सहकाऱ्यांना मी हे वाक्य ऐकवतो.

माफी मागायला लावू नका. आली तर येते. त्या बैठकीत एकाने मागितली, दोघांनी नाही, आणि न मागणाऱ्यांतल्या एकाने ठरलेलं काम सगळ्यात चोख केलं.

ठरलेलं लिहून घेणं

शेवटची १० मिनिटं लिहिण्याची. कोण, काय, कधीपर्यंत, आणि कोण बघणार, एवढे चारच रकाने. 'यापुढे नीट वागेन' हे लिहू नका, ते मोजता येत नाही. आमच्या कागदावर असं होतं: तिघांनी मिळून ४ व्हॉल्व्हचे पैसे शनिवारपर्यंत स्वतः द्यायचे, घरून मागायचे नाहीत. त्याच रस्त्याने जाणाऱ्या एकाने महिनाभर शाळा सुटल्यावर दगड मारणाऱ्याबरोबर सायकल चालवायची. दगड मारणाऱ्याने पट्टी बदलायच्या दिवशी दुसऱ्याबरोबर दवाखान्यात जायचं. 'टाक्या' बंद करायचं काम वर्गाचं, ते सोमवारच्या तासाला माझ्याकडे.

भरपाईचं काम नुकसानीशी जोडलेलं हवं आणि मुलाने स्वतः सुचवलेलं हवं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली आपल्याच तालुक्यातल्या काल्यात रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं, आणि तिथे सगळ्या जातींची पोरं एकत्र राबत आणि एकत्र जेवत. कष्टाची लाज वाटू नये ही शिकवण इथल्या मातीत आहे, म्हणून हाताने भरपाई करणं आमच्या मुलांना चटकन कळतं. पण तेच काम परिपाठाला सगळ्या शाळेसमोर करायला लावलं, किंवा हवा सोडल्याबद्दल संडास धुवायला लावलं, की ती बदनामी झाली, भरपाई नव्हे.

नंतर

तारीख बैठकीतच ठरवा. एका आठवड्याने दोघांना वेगवेगळं, उभ्या-उभ्या विचारायचं; तीन आठवड्यांनी एकत्र, ५ मिनिटं. हे सगळ्यात जास्त राहून जातं, कारण मध्ये घटक चाचणी येते, सरकारच्या यू-डायस नोंदणीत शाळेची माहिती भरायची असते, निवडणुकीचं काम येतं. मी मोबाइलमध्ये गजर लावतो.

ठरलेलं मोडलं तर लगेच शिक्षेकडे उडी नको. आधी विचारा, काय आडवं आलं? सोबत सायकल चालवणारा तिसऱ्या दिवशी गायब झाला. कारण विचारल्यावर कळलं, त्याची शिकवणी त्याच वेळी लागली होती. दुसऱ्याने ते काम घेतलं. पुन्हा पुन्हा मुद्दाम मोडत असेल तर मुख्याध्यापकांकडे, नेहमीच्या मार्गाने. ही पद्धत आली म्हणून तो मार्ग बंद होत नाही.

सगळीकडे जमतं असंही नाही. नववीतल्या मुलींच्या एका गटात एकीच्या फोटोचं स्टिकर करून व्हॉट्सअॅपवर फिरवलं होतं. बैठकीत तिघी बरोब्बर बोलल्या, चौथी सुरुवातीपासून ओठ दाबून हसत होती. जिचा फोटो होता ती प्रत्येक वाक्याबरोबर लहान होत गेली. मी ती बैठक अर्ध्यात थांबवली. थांबवायची होती पाचव्या मिनिटाला, थांबवली विसाव्या. हसणारीची स्वतंत्र भेट मी घाईत ८ मिनिटांत उरकली होती.

नोंदवहीत तारीख, ठरलेल्या गोष्टी आणि पाठपुरावा एवढंच ठेवा, ती कुलपात. कोण काय बोललं, कोण रडलं, हे कागदावर नको आणि शिक्षकखोलीत तर नकोच.

आणि सुरुवात जूनमध्ये

हे सगळं मी उलट्या क्रमाने सांगितलं. भांडण झाल्यावर एकदम सतरंजी अंथरली तर मुलांना ते कोर्टच वाटतं. ज्या वर्गाला आठवड्यातून एकदा गोल बसायची सवय असते, त्यालाच ते जमतं. आम्ही सोमवारी परिपाठानंतरची २० मिनिटं घेतो. हातोडा फिरतो, एक प्रश्न, प्रत्येकाने एक-दोन वाक्यं बोलायचं किंवा 'पुढे' म्हणून द्यायचं. ५० मुलांचा वर्ग असेल तर दोन गोल करा आणि एका आठवड्याला एकच गोल बोलू द्या, नाहीतर शेवटची दहा मुलं नुसती जांभया देतात. शिक्षकानेही उत्तर द्यायचं, खरं. पहिले दोन-तीन सोमवार पोरं 'पुढे, पुढे' करत हातोडा पळवतात. पळवू द्या.

प्रश्न साधे ठेवा. भावनांवरचे प्रश्न पहिल्या महिन्यात काढू नका, सगळा वर्ग लाजून हसतो. या वर्षी जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावरच्या पहिल्या सोमवारी मी विचारलं, "शाळेत येताना तुला वाटेत काय काय लागतं?" कालवा आला, ऊस आला, मारकं कुत्रं आलं, बंद पडलेलं गुऱ्हाळ आलं. एक पोरगी म्हणाली, "सर, गुऱ्हाळापासनं पुढं लाइट न्हाई. तिथनं मी पळत येते."